पंख्याच्या विमानाची बाजू

सोलापूर-गोवा विमानसेवा जून 2025मध्ये सुरू झाली ती एटीआर-72 विमानाने. लहान शहरांची अशी पंख्याच्या विमानांवर बोळवण केली जाते, जेट असतं तर निम्म्या वेळात पोचलो असतो, हे मत सर्रास ऐकू येतं. त्यामागचं गणित शाळेतलं आहे: अंतर भागिले वेग. सोलापूर ते गोव्यातला मोपा विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 300 किलोमीटर. ताशी 800च्या जेटला 22-23 मिनिटं, ताशी 500च्या एटीआरला 36. भागाकार बरोबर आहे. चूक आहे ती विमान सुटल्यापासून थांबेपर्यंत एकाच वेगाने जातं, हे धरून चालण्यात.

जेटचा तो वेग 35 हजार फुटांच्या आसपासचा. तिथून नेहमीच्या उताराने खाली यायलाच जवळपास 200 किलोमीटर लागतात, आणि चढायलाही साधारण तेवढेच. 300 किलोमीटरच्या वाटेत हे बसतच नाही. जेटला बरंच खालीच थांबावं लागतं आणि वर स्थिरावतं न स्थिरावतं तोच उतरणीला लागावं लागतं. त्यात 10 हजार फुटांखाली सर्वसाधारणपणे 250 नॉटची, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटरची मर्यादा असते. तिथे दोघांची जवळपास बरोबरीच.

जमिनीवरचा वेळ तर दोघांना सारखाच. अनेक लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतो. विमान उतरतं, पट्टीच्या टोकापर्यंत जातं, तिथल्या रुंद जागेत सावकाश वळतं आणि त्याच पट्टीवरून उलट चालत येतं. या चालीत इंजिन कुठलं आहे याला काही अर्थ नाही. कागदावरच्या 13-14 मिनिटांतून चढ-उतारात जाणारा वेळ वजा केला की जेटची आघाडी दहा मिनिटांच्या आतबाहेर उरते.

सोलापूरहून थेट दिल्ली गाठायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जेटच हवं, त्यात वाद नाही. पण लहान शहरं विमानाने जोडण्यासाठीच्या 2016च्या उडान धोरणाने 2500 रुपयांच्या भाड्याचा हिशेब मांडला तोच मुळी तासाला सुमारे 500 किलोमीटर धरून. हा एटीआरचाच वेग आहे. या विमानाला धावपट्टी कमी पुरते, इंधन कमी लागतं, आणि भरायच्या असतात त्या सत्तरेक जागा, 180 नव्हेत. जेट आणलं तर तेवढे प्रवासी जमेपर्यंत फेऱ्या आठवड्यातून दोन-तीनवर येण्याची भीती असते. मंगळवारी काम असलेल्या माणसाला गुरुवारचं विमान काय कामाचं? सोलापूरकरांनी भांडावं ते रोजच्या फेरीसाठी, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशा वेळापत्रकासाठी.