मलिक अंबरची आखणी



आयर्लंडमधील डब्लिन शहरात चेस्टर बीटी नावाचे ग्रंथालय आहे. तेथे जहांगीर बादशहाच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेले एक चित्र जपून ठेवलेले आहे. पृथ्वीच्या गोलावर बादशहा उभा आहे, धनुष्य ताणलेले आहे आणि समोर भाल्याच्या टोकावर खोचलेल्या एका मस्तकावर तो बाण सोडीत आहे. ते मस्तक मलिक अंबरचे! प्रत्यक्षात हे कधी घडलेच नाही. मलिक अंबर त्यानंतर सुमारे दहा वर्षे जगला आणि १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, नैसर्गिक मृत्यूने गेला. दुसऱ्याच वर्षी जहांगीरही गेला. बादशहाची इच्छा पुरी झाली ती कागदावर, रंगांत.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील हा मोठा माणूस आपल्या मुलांना परीक्षेतल्या दोन गुणांच्या टिपेपुरताच ठाऊक असतो. 'गनिमी काव्याचा वापर केला, जमीन महसुलात सुधारणा केल्या', एवढे लिहिले की उत्तर झाले. मला त्याच्याविषयी वेगळ्या कारणासाठी लिहावयाचे आहे. ध्येय म्हणजे काय, आणि नुसती इच्छा म्हणजे काय, हा फरक त्याच्या चरित्रात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच कोठे दिसेल.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एकाहून अधिक मालकांच्या हातून फिरत, बगदादमार्गे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी लागला. चंगीझखान स्वतःही हबशी होता व गुलामीतून वर चढलेला होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबरला मुक्तता मिळाली. पुढची वीस वर्षे त्याने शिपाईगिरीत काढली. १५९५ च्या सुमारास त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते. तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीसच्या आसपास! 'आता काय वय राहिले' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१६०० साली चांदबीबी मारली गेली, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि बाल सुलतान बहादूरशहा कैदेत पडून ग्वाल्हेरला गेला. राजधानी गेली, राजा गेला. राज्य संपले असेच कोणीही म्हटले असते. अंबरने मात्र एक निश्चित हेतू धरला : निजामशाही पुन्हा उभी करावयाची. आता येथे लक्ष द्या. त्याने पहिल्याच दिवशी किल्ल्यावर धडक मारली नाही. आधी घराण्यातील एक राजपुत्र शोधून परांड्यास त्याला मुर्तझा दुसरा म्हणून गादीवर बसविले आणि त्याला आपली मुलगी दिली. राजू दखनी या प्रतिस्पर्ध्याला बाजूस सारण्यात १६०७ उजाडले. मग राजधानी जुन्नरला, तेथून दौलताबादला. आणि १६१० मध्ये, म्हणजे दहा वर्षांनंतर, अहमदनगरचा किल्ला त्याने परत घेतला.

दहा वर्षे म्हणजे आपल्याकडे पहिलीत घातलेले मूल दहावीला बसते, तेवढा काळ.

मानसशास्त्रात या विषयावर पुष्कळ काम झालेले आहे. एडविन लॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ पासून दाखवून दिले की, 'जमेल तितके चांगले कर' असे सांगण्यापेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट दिले तर माणूस अधिक काम करतो. आपण घरी मुलांना काय सांगतो? 'नीट अभ्यास कर बेटा.' नीट म्हणजे किती, कोणता धडा, कोणत्या दिवशी, हे आपणही सांगत नाही आणि तोही विचारीत नाही. दुसरे संशोधन गॅब्रिएले ओटिंगेन यांचे आहे. जर्मनीतील पदवीधरांच्या पाहणीत त्यांना आढळले की, जे तरुण चांगल्या नोकरीची गोड स्वप्ने वारंवार रंगवीत बसत, त्यांनी अर्ज कमी पाठविले आणि त्यांना नोकरीचे देकार व पगारही कमी मिळाले. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मनातल्या चित्रातच यश चाखून झाल्यावर धडपडीची भूक मंदावते, असा त्याचा अर्थ लावला जातो. जहांगीरचे ते चित्र मला या ठिकाणी नेहमी आठवते.

अर्थात मोगल बादशहा स्वप्ने पाहत स्वस्थ बसला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे योजनाही होत्या. १६११ मध्ये एक योजना ठरली की, गुजरातेतून अब्दुल्लाखानाने आणि वऱ्हाडाकडून दुसऱ्या फौजेने निघून अंबरला मध्ये गाठावयाचे. कागदावर उत्तम. परंतु सगळे श्रेय आपल्यालाच मिळावे म्हणून अब्दुल्लाखान दुसऱ्या फौजेची वाट न पाहता पुढे घुसला. अंबरच्या स्वारांनी त्याला रात्रंदिवस सतावले, रसद तोडली, आणि तो हात हलवीत गुजरातेत परतला. दुसरी फौजही मग माघारी फिरली.

अंबरची पद्धत याच्या उलट होती. शत्रू मोठ्या संख्येने आला तर समोर उभे राहावयाचे नाही. तो छावणी करील तेव्हा दाणावैरण अडवावयाची. तो थकला, फुटला, की मग गाठावयाचे. 'असे झाले तर असे करावयाचे' ही बांधणी आधीच मनात पक्की असे, आणि मराठा बारगिरांना ती अंगवळणी पडलेली होती. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांवर प्रयोग करून नेमके हेच सांगितले : सुट्टीत अमुक काम करीन असे नुसते ठरविणाऱ्यांपेक्षा, ते कोठे व कोणत्या वेळी करीन हे आधी ठरविणाऱ्यांचे काम कितीतरी अधिक प्रमाणात पुरे झाले. 'मगरिबनंतर जेवणापूर्वी बीजगणिताची पाच उदाहरणे, आणि पाहुणे आले तर पहाटे फजरनंतर' असे वाक्य वहीवर लिहिलेला विद्यार्थी मला अधिक भरवशाचा वाटतो. 'मी डॉक्टर होणार' असे भिंतीवर लिहिणाऱ्याचा तितका भरवसा वाटत नाही.

या पद्धतीचा कळस आपल्या शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, भातवडीस १६२४ मध्ये झाला. मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊन अंबरवर चालून आले. दोन्ही फौजा मिळून त्याच्यापेक्षा कितीतरी बलवान. अंबरने आपली जागा निवडली ती भातवडीच्या तलावाजवळ. त्याने तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. शत्रूच्या वाटेत चिखल झाला, तोफा व जनावरे रुतली, छावणीत अन्नाची टंचाई झाली. वरून रात्रीचे छापे. शत्रूचे सैनिक फुटून जाऊ लागले, तेव्हा अंबरने हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी ठार झाला, मोगलांचे सरदार कैद झाले. या लढाईत शहाजीराजे भोसले अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. अंबर तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेला होता.

या यशकथेने फसू नका. मधल्या काळात त्याला जबर तडाखे बसले. १६१६ मध्ये रोशनगावला पराभव होऊन त्याची खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, शत्रूने उद्ध्वस्त केली. १६१७ मध्ये इतक्या कष्टाने मिळविलेला अहमदनगरचा किल्ला तहात सोडावा लागला. १६२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार. आणि याच उद्ध्वस्त खडकीत त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर बांधली. पुढे ती काही शतके लोकांना पाणी देत राहिली. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची व्यवस्थाही खजिना भरता ठेवण्यासाठी होती. फौजेला पगार हवा, पगाराला सारा हवा, साऱ्यासाठी रयत गावात टिकावयास हवी. एवढी साखळी त्याला दिसत होती. हेतू एकच राहिला, मार्ग मात्र त्याने चारदा मोडून नव्याने आखला. अमुक एका शाखेला प्रवेश मिळाला नाही म्हणून मुलाचे शिक्षणच थांबवून त्याला गॅरेजवर पाठविणाऱ्या पालकांनी यावर विचार करावा. मुलींच्या बाबतीत तर आखणीच नसते, शाळा गावात असेल तोवर शिक्षण!

वेळेच्या अंदाजाविषयी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. कॅनडातील संशोधकांनी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले. सरासरी उत्तर आले ३४ दिवस. सर्व काही बिघडले तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. हे संशोधन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा वेळापत्रक करताना आपल्या सर्वांत वाईट अंदाजावरही आठवडा चढवा.

अंबरला संत ठरविण्याचा माझा हेतू नाही. ज्या मुर्तझाला गादीवर बसविले त्याचा १६१० मध्ये विषप्रयोगाने अंत झाला, आणि त्यामागे अंबरच होता असे इतिहासकार मानतात. त्याच्या शत्रूंच्या बाजूच्या मोगल बखरकाराने मात्र त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कर्तृत्वाची मोकळ्या मनाने स्तुती केली आहे.

एका बाबतीत त्याची आखणी अपुरी पडली. आपल्यामागे हे काम कोण चालविणार याची तजवीज तो करू शकला नाही. मुलगा फतेखान त्याच्या जागी आला. त्याच्यात ना धिमेपणा होता ना माणसे जोडण्याचे कसब. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे एक बाल सुलतान गादीवर बसवून निजामशाही धरून ठेवली, आणि १६३६ मध्ये तीही संपली.