शांता आपटे
शांता आपटे (१९१६ – २४ फेब्रुवारी, १९६४) या मराठी व हिंदी बोलपटांतील गायिका-अभिनेत्री होत्या. 'श्यामसुंदर' (१९३२) मधून त्यांचे पदार्पण झाले; ओळख मात्र प्रभात फिल्म कंपनीच्या 'अमृतमंथन' (१९३४) ने मिळवून दिली. त्या काळी पडद्यावरील गाणे बहुधा एका जागी उभे राहून म्हटले जाई. आपटे यांनी नजर, हातवारे आणि सहज हालचालींनी त्याला अभिनयाची जोड दिली.

व्ही. शांताराम दिग्दर्शित 'कुंकू' (१९३७; हिंदीत 'दुनिया न माने') हा त्यांचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावलेली, पण त्याला पती मानण्यास नकार देणारी नीरा त्यांनी साकारली. त्यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही त्यांनी गायली आहे.

नीराचा बाणेदारपणा पडद्यापुरता नव्हता. १९३९ मध्ये कंपनीशी मतभेद झाल्यावर त्यांनी पुण्यातील प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केले. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे चित्रपटव्यवसायावरील त्यांचे परखड पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'त त्या नायिका होत्या. नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. मुंबईत त्यांचे निधन झाले.