अॅम्स्टरडॅमच्या चौकांतील पाटी

गांजा, चरस आणि भांग हीं नांवें महाराष्ट्रांतील घरांना अपरिचित नाहींत. १८९३-९४ सालीं हिंदुस्थान सरकारनें नेमलेल्या आयोगानें हजाराहून अधिक साक्षी घेऊन असा अभिप्राय दिला कीं, या पदार्थांवर सरसकट बंदी घालण्यापेक्षां परवाने व कर यांच्या योगानें त्यांस आळा घालावा. बंदी कीं नियंत्रण, हा वाद पुढें अनेक देशांत झाला. परंतु त्याच्याच पोटांत दुसरा एक लहानसा प्रश्न दडलेला असतो. घराच्या चार भिंतींआड कोणी काय ओढतो हें क्षणभर बाजूला ठेवलें, तरी जेथें मुलें खेळतात आणि म्हातारीं माणसें सायंकाळीं येऊन बसतात, त्या चौकांत तें ओढूं द्यावें काय? आणि हें ठरवावयाचें कोणी, देशाच्या सरकारनें कीं गांवच्या म्युनिसिपालिटीनें? या प्रश्नाचा मोठा बोधप्रद इतिहास हॉलंडमधील अॅम्स्टरडॅम शहरांत घडला.

हॉलंडचा अफूविषयक पहिला कायदा १९१९ सालचा. गांजा त्याच्या कक्षेंत मागाहून आला आणि १९५३ पासून तो जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरला. तथापि साठीच्या दशकांत तरुण पिढींत त्याचा प्रसार झाला, आणि सत्तरीच्या आरंभीं हेरॉइनसारखें घातक विष शहरांत शिरलें. तेव्हां १९७६ मध्यें कायदा सुधारून या दोहोंत भेद करण्यांत आला. गांजा ओढणाऱ्या पोरावर हेरॉइन विकणाऱ्याच्या दारीं जाण्याचा प्रसंग येऊं नये, हा त्यांतील हेतु. मात्र गांजाला कायद्यानें मोकळीक दिली नाहीं. तीस ग्रॅमपर्यंत बाळगणें हा किरकोळ गुन्हा मानून त्याकडे काणाडोळा करावयाचा, एवढेंच ठरलें.

या काणाडोळ्यांतून एक चमत्कारिक संस्था उदयास आली. तिचें नांव कॉफीशॉप. पण तेथें खरी विक्री गांजाची. जाहिरात करूं नये, घातक मादक द्रव्यें ठेवूं नयेत, अल्पवयीनांस आंत घेऊं नये, शेजाऱ्यांस उपद्रव होऊं देऊं नये आणि एका गिऱ्हाइकास ठराविक मर्यादेहून अधिक देऊं नये, असे नियम दुकानदारांवर घालण्यांत आले. ही मर्यादा १९९६ मध्यें पांच ग्रॅमवर आली. नियम पाळणाऱ्या दुकानदारावर खटला होत नसे. परंतु हे सारे नियम दुकानाच्या उंबरठ्याच्या आंतले होते. गिऱ्हाईक बाहेर पडून समोरच्या बांकावर बसलें, म्हणजे त्याचा जाब विचारणारें कोणी उरत नसे.

शहराच्या पश्चिम भागांतील द बार्शेस या पेठेला हा अनुभव चांगलाच आला. तेथील चौकाला मर्केटर या प्रख्यात नकाशाकाराचें नांव आहे. त्या चौकांत तरुणांचीं टोळकीं जमत आणि रहिवाशांना त्यांचा त्रास होई. म्हणून २००६ मध्यें तेथें उघड्यावर गांजा ओढण्यास मनाई करण्यांत आली. पुढें तांबड्या वर्तुळांत गांजाची विडी व पान दाखविणारी पाटीही लागली. गंमत अशी कीं, लोकांना ती पाटी इतकी आवडली कीं, ती चोरीस जाऊं लागली! ज्या पाटीनें वचक बसावा, तीच स्मरणवस्तु झाली.

खरा धक्का पुढेंच होता. जुलै २०११ मध्यें हॉलंडच्या राज्य-परिषदेनें, म्हणजे तेथील प्रशासकीय दाव्यांच्या वरिष्ठ न्यायासनानें, हा नियम टिकूं शकत नाहीं असा निर्णय दिला. तिची विचारसरणी सरळ होती. जवळ बाळगल्यावांचून गांजा ओढतां येत नाहीं, आणि बाळगणें तर देशाच्या कायद्यानें आधींच निषिद्ध आहे. वरिष्ठ कायद्यानें जें निषिद्ध केलें, तेंच नगरपालिकेला पुन्हा निषिद्ध करतां येत नाहीं. न्यायाच्या दृष्टीनें हें बिनतोड होतें. पण चौकांतल्या रहिवाशाच्या पदरीं काय पडलें? देशाच्या कायद्यांत बंदी आहे, पण ती अंमलांत येत नाहीं. आणि ज्या नगरपालिकेला ती अंमलांत आणावयाची इच्छा आहे, तिला तसा अधिकार नाहीं!

तरीही नगरपालिकांनीं प्रयत्न सोडला नाहीं. २०१३ च्या आरंभापासून अॅम्स्टरडॅमनें शाळांच्या आवारांत मनाई केली. २०१८ मध्यें हेग शहरानें आपल्या मध्यवस्तींत व मुख्य रेल्वेस्थानकाच्या परिसरांत बंदी घातली. अखेर २५ मे २०२३ पासून अॅम्स्टरडॅमच्या जुन्या मध्यवस्तींत रस्त्यावर गांजा ओढणाऱ्यास शंभर युरो दंड ठरला. कारण पूर्वीचेंच, रहिवाशांचा उपद्रव. प्रवाशांचे थवे रात्रभर त्या अरुंद गल्ल्यांतून फिरत आणि खिडकीमागें राहणाऱ्या कुटुंबांना झोप मिळत नसे. दुकानाच्या आंत ओढण्यास मात्र आडकाठी झाली नाहीं.

अशा नियमांवर आक्षेपही आहेत. एका चौकांतून हांकललेली मंडळी शेजारच्या गल्लींत जाऊन बसतात. आणि ज्याला स्वतःचें घर नाहीं, त्याला रस्ता हेंच घर असतें. हे आक्षेप पोकळ नाहींत. परंतु या सर्व हकीकतींतून एक गोष्ट स्पष्ट होते. १९७६ च्या सुधारणेनें अनेक तरुणांना तुरुंगाची वाट चुकविली, हें तिचें श्रेय कोणी नाकारूं नये. मात्र कायदा जेव्हां निषेध करून डोळे मिटतो, तेव्हां ज्या प्रश्नाचें उत्तर त्यानें दिलेलें नसतें, तो प्रश्न नाहींसा होत नाहीं. तो राजधानींतून उठतो आणि एखाद्या चौकांतील बांकावर येऊन बसतो. तेथें त्याची गांठ पडते ती मुलाला निजवीत असलेल्या आईशीं; आणि तिला त्याचें उत्तर त्याच रात्रीं हवें असतें.