दस्त्यावरची चांदीची पट्टी

जिम कॉर्बेटच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध रायफल लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची आहे: .२७५ बोअरची, माउझर धर्तीच्या बोल्टची, वजनाला हलकी. तिच्या दस्त्यावर चांदीची एक लहान पट्टी बसवलेली आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ही रायफल कॉर्बेटला भेट दिली, असा मजकूर त्या पट्टीवर कोरलेला आहे. त्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याचे सांगितले जाते. मात्र ती मेली दुसऱ्या बंदुकांनी; ही रायफल त्या शिकारीच्या वेळी कॉर्बेटच्या हातात नव्हतीच. तरीही संग्राहकांच्या लेखी तिच्या तोलाची दुसरी शिकारी बंदूक शोधावी लागेल. जुन्या शिकारी बंदुकीवरचे प्रेम म्हणजे रक्तपाताचे प्रेम, या समजाला या एका पट्टीने छेद जातो. बंदुकीने काय मारले याहून ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली आणि का गेली, यावर तिचे मोल ठरते. ज्याला आपण भावनिक मूल्य म्हणून बाजूला सारतो, ते बहुतेकदा ऐतिहासिक मूल्यच असते.

याला दुजोरा देणारा पुरावा खुद्द पोलादात आणि लाकडात असतो. रिग्बीने १८९८ साली .४५० बोअरची धूरविरहित दारूची दुनळी एक्स्प्रेस रायफल आणली आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकारीसाठी ती मातब्बर मानली जाऊ लागली. पण बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना लागणारी गोळी याच मापाची. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हा बोअर हिंदुस्थानात बंद केला. इंग्लंडच्या कारागिरांनी मग .४६५, .४७० अशी शेजारची मापे काढून बाजार राखला. म्हणजे एखाद्या जुन्या वाड्यातल्या दुनळीवर .४७० हा आकडा दिसला, तर त्यामागे शिकाऱ्याची आवड थोडी आणि साम्राज्याला वाटणारी धास्ती मोठी आहे. एरवी सरकारी दप्तरांत दडलेली ही गोष्ट नळीच्या तोंडाशी उघडी पडते. पट्ट्याने घासून गुळगुळीत झालेली कड, दस्ता छोटा करून घेतल्याची खूण, मचाणावरच्या अंधारात दिसावी म्हणून पुढच्या माशीला लावलेला हस्तिदंती ठिपका हे सारे तसेच वाचता येते. तासन् तास अशा खुणा न्याहाळणारा संग्राहक हळवा असेलही, पण तो करत असलेले काम अभ्यासकाचे आहे.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. याच बंदुकांनी या देशाची जंगले ओस पाडली. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने एकाच रात्री तीन चित्ते मारले. ते देशातले अखेरचे समजले जातात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवले, तोवर फार उशीर झाला होता. अशा हत्यारावर जीव जडवणे म्हणजे त्या संहाराला गोंजारणे नव्हे का? माझे उत्तर असे, की गोंजारणे होते ते नोंद पुसल्यावर. भुसा भरलेल्या मुंडक्यांखाली चकचकीत करून टांगलेली, कोणाची आणि केव्हाची ते कोणालाच ठाऊक नसलेली बंदूक निव्वळ मिरवण्यापुरती उरते. जिच्यासोबत मालकाचे नाव, परवाना, शिकारवही टिकून आहे, ती मात्र आपल्या मालकाविरुद्धही साक्ष देऊ शकते. शिवाय प्रत्येक बंदुकीचा हिशेब सारखा नाही. चंपावतच्या परिसरातल्या ज्या बायांना गवत-लाकडासाठी रानात जाणे अशक्य झाले होते, त्यांच्या लेखी कॉर्बेटच्या नेमबाजीचा अर्थ संस्थानिकाच्या हाकाऱ्याहून फार वेगळा होता. पुढे कॉर्बेटने कॅमेरा हाती घेतला आणि वाघांसाठी राखीव रान असावे म्हणून खटपट केली. एकाच आयुष्यातला हा प्रवास समजून घ्यायचा, तर रायफल आणि कॅमेरा दोन्ही जपायला हवेत.

दुसरा आक्षेप बाजाराचा. भावना दाखवून भाव वाढवायचा, इतकाच हा प्रकार आहे, असे म्हणणारे कमी नाहीत. संस्थानिकांच्या नावाने बनावट इतिहास चिकटवून बंदुका विकल्या जातात, हे खरे. पण अशा फसवणुकीला आळा बसतो तो चिकित्सक प्रेमानेच. बंदुकीचा क्रमांक कारखान्याच्या विक्रीवहीशी ताडून पाहण्याची चिकाटी नफेखोरापाशी नसते. कॉर्बेटची रायफल त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. याच संस्थेच्या मुंबई शाखेने १९४४ मध्ये ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ काढले होते. पुढे २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती स्वतःकडे घेतली. ही साखळी सलग जुळवता येते म्हणूनच ती रायफल विश्वासार्ह आहे. जाणता संग्राहक जुन्या नळीवर नवा निळा रंग चढवू देत नाही, दस्त्याला पॉलिश मारू देत नाही, यामागचे कारणही तेच. दुरुस्तीने बंदूक देखणी होते आणि मुकी होते.

आपल्याकडे या मुक्या होण्याला कायद्याचाही हातभार लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून पुराणवस्तू म्हणून सुटायचे, तर हत्यार दुरुस्त करूनही न चालणारे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडची बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्याच मर्यादेत बसवल्या. चालू हत्यारांवर सरकारने लक्ष ठेवावे, याबद्दल माझा वाद नाही. सुरक्षिततेपुढे संग्रहाचा हट्ट चालू नये. मात्र आजोबांची रायफल पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करताना घराणी तिच्यासोबत सगळा इतिहासही सोडून देतात, ते कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही. नळीवरचा क्रमांक आणि कारागिराचे नाव उतरवून घ्यावे, प्रत्येक खुणेचे छायाचित्र काढावे, जुने परवाने आणि काडतुसांच्या पावत्या एकत्र बांधाव्यात. ती कोणी, केव्हा, कोणत्या रानात वापरली, हे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून लिहून घ्यावे आणि त्या लिखाणाची एक प्रत जवळच्या वस्तुसंग्रहालयाला द्यावी. यासाठी कोणताही परवाना लागत नाही.