भाषेच्या बदल्यात भाषा

स्मरणिकेसाठी ‘परदेशातला अनुभव’ लिहून पाठव, असा निरोप आला. अनुभव तसा साधा आहे. लातूरच्या आपल्या शाळेतून मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले, पुढे पुण्यात नोकरी लागली आणि २००८ साली कंपनीने जपानला पाठवलं. तिथे ऑफिसातल्या दोघींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवायचे आणि त्या मला जपानी. (आपल्या इंग्रजीच्या बाई हे वाचून हसतील. हसू द्या.) त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंचं चरित्र हाती आलं आणि कळलं, की असा व्यवहार सव्वाशे वर्षांपूर्वीच एका बाईने केला होता. म्हणून माझ्याऐवजी त्यांच्याबद्दल लिहिते.

रमाबाईंना संस्कृत, मराठी, बंगाली, हिंदी, कानडी येत होतं. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांना ‘सरस्वती’ म्हटलं होतं. इंग्रजीची मात्र पुण्यात जेमतेम सुरुवात झाली होती. १८८२ मध्ये पती वारले. कडेवर लहानगी मनोरमा. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी बोटीच्या भाड्याची सोय केली आणि एप्रिल १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं.

वाँटेज गावी ख्रिस्ती सिस्टर्सच्या मठात त्या उतरल्या. ठरलं होतं असं, की भारतात कामाला येणाऱ्या सिस्टर्सना त्यांनी मराठी शिकवायची आणि त्याबदल्यात राहणं-जेवण व इंग्रजीचे धडे घ्यायचे. हे मला फार मोठं वाटतं. आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा मुकाट्याने घ्यावी लागे. नांदेडचे माझे आजोबा उर्दूतून शिकले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इथे मात्र राज्यकर्त्यांच्या देशातल्या बायका एका विधवेसमोर बसून मराठी गिरवत होत्या.

त्यातून रमाबाईंना ऐकू कमी यायचं. माझे कान शाबूत असूनही ‘सु’ आणि ‘त्सु’ वेगळे ऐकू यायला मला सहा महिने लागले. त्यांनी कसं निभावलं असेल? त्या बहिरेपणापायीच डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला.

सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे जो गदारोळ झाला, त्यात त्यांची ही मास्तरकी पार झाकून गेली, असं माझं मत.

पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या संस्कृत शिकवत आणि स्वतः गणित, विज्ञान, इंग्रजी साहित्य शिकत. प्राचार्या डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर विश्वास होता. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं, असा विचार निघाला तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. म्हणे, त्याने मायदेशी त्यांचं वजन कमी होईल! रमाबाईंनी बीलबाईंना कळवलं, की माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, मग यांना काय झालं? भारतात त्यांनी पुरुषांच्या भरल्या सभांत व्याख्यानं दिली होती. ज्या देशात स्वातंत्र्य शिकायला गेल्या, तिथेच हे ऐकावं लागलं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे व्याख्यानं देत फिरल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन उघडलं. एव्हाना इंग्रजी त्यांच्या हाताखाली राबत होती.

शिकणं मात्र थांबलं नाही. उतारवयात केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, तोवर हे काम चालू होतं.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. जपानीच्या वरच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. येत्या डिसेंबरात तिसऱ्यांदा बसते आहे. त्या दोघींपैकी एकीचं इंग्रजी आता माझ्याहून चांगलं आहे.