इंदूरची नामवंत माणसे : जन्म कुणाचा, कर्म कुणाचे

इंदूरच्या नामवंतांची यादी करावयास घेतली की पहिले नाव लता मंगेशकर यांचे येते. २८ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचा जन्म इंदूर येथे झाला आणि मध्य प्रदेश शासनाने १९८४ पासून त्यांच्या नावे संगीतातील राष्ट्रीय सन्मान सुरू करून ते नाते अधिकृतही केले. गोमंतकीय वाचकाला मात्र येथेच थबकावे लागते. कारण मास्टर दीनानाथांनी ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले ते आपल्या जन्मगावावरून, मंगेशीवरून. म्हणजे जन्म माळव्याचा, आडनाव गोव्याचे, बालपण सांगलीचे आणि कीर्ती मुंबईची. अशा व्यक्तीला कोणत्या गावच्या खात्यावर मांडावे? राहुल द्रविड यांचेही तसेच. ११ जानेवारी १९७३ रोजी त्यांचा जन्म इंदूरचा. घडले ते बंगळूरला. निव्वळ जन्मस्थानाच्या आधारे केलेली यादी शहराविषयी फारसे काही सांगत नाही, याची ही दोन ठळक उदाहरणे. महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही इंदूरच्या यादीत ओढण्याचा मोह अनेकांना होतो. पण महू ही स्वतंत्र लष्करी छावणी होती, तिचा मान तिच्याकडेच राहू द्यावा.

इंदूरने खरोखर घडविलेली माणसे शोधायची तर होळकर दरबाराकडे वळावे लागते. १८१८ च्या मंदसोर तहानंतर इंदूर ही होळकर संस्थानाची राजधानी झाली आणि महाराष्ट्रातून आलेली कारकून, शास्त्री, शिक्षक, कलावंत यांची घराणी तेथे स्थिरावली. राजाश्रय हा शब्द आज केवळ गायकांच्या संदर्भात वापरला जातो. इंदुरात तो क्रिकेटलाही लागू होता. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू यांना तिसरे तुकोजीराव होळकर यांनी १९२३ साली इंदुरात आणले आणि संस्थानाच्या सैन्यात हुद्दा दिला. हेच नायडू १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नजरेत भरलेला इंदूरचाच मुलगा म्हणजे मुश्ताक अली. १९३६ साली मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी ११२ धावा काढल्या. परदेशातील कसोटीत भारतीयाने झळकाविलेले ते पहिले शतक होय. विजय मर्चंट यांच्यासमवेत त्यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली.

होळकर संघाची कामगिरी आज वाचताना अविश्वसनीय वाटते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा विजयी ठरला. पहिल्याच अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढणारा फलंदाज होता इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. युद्धकाळातील लष्करी सेवेनिमित्त तो महूला होता. संस्थान विलीन झाले, पुढे संघही उरला नाही. त्यानंतर मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. नायडू १९६७ साली आणि मुश्ताक अली २००५ साली इंदुरातच निवर्तले. यादीत त्यांचे स्थान वादातीत आहे.

संगीतात उस्ताद अमीर खाँ यांचे नाव पुरेसे आहे. त्यांच्या जन्मस्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात वादक होते आणि अमीर खाँ यांचे सुरुवातीचे शिक्षण इंदुरातच, आधी सारंगीचे व मग कंठसंगीताचे झाले. अतिविलंबित लयीतील त्यांच्या संथ, चिंतनशील गायकीला पुढे ‘इंदूर घराणे’ हेच नाव मिळाले.

सर्वांत कमी बोलले जाते ते चित्रकलेविषयी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते इंदूरचा सर्वांत मोठा ठेवा तोच. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली इंदुरात चित्रकला विद्यालय सुरू केले. एका संस्थानी शहरातील या लहानशा शाळेचे विद्यार्थी पाहा : ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर. बेंद्रे १९१० साली इंदुरातच जन्मले. १९५० पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत चित्रकलेचे विभागप्रमुख म्हणून त्यांनी एक पिढी घडविली. हुसेन पंढरपूरचे, आई गेल्यावर वडिलांबरोबर लहानपणीच इंदुरात आले आणि येथेच त्यांच्या हातात कुंचला आला. दोघेही बाहेर जाऊन मोठे झाले. चिंचाळकर मात्र इंदुरातच राहिले. वाळलेली पाने, दगड, टाकाऊ वस्तू यांतून आकृती उभ्या करणाऱ्या या ‘गुरुजीं’ना बाजारभाव कधी मिळाला नाही, आणि म्हणून महाराष्ट्रातील कलाविषयक लेखनात त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. ही उपेक्षा न्याय्य नाही.

गुरुजींच्या मित्रमंडळात देवासचे कुमार गंधर्व होते, तसेच ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते. बारपुते मराठी घरातले, पण त्यांची लेखणी हिंदी. राजेंद्र माथुर आणि पुढे ‘जनसत्ता’ उभे करणारे प्रभाष जोशी ही हिंदी पत्रकारितेतील मोठी नावे त्यांच्याच वृत्तपत्रात घडली. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने भरली. तरी तेथील मराठी माणसाचे सर्वांत दूरगामी लेखनकार्य हिंदीत झाले, ही नोंद आपल्या चरित्रकोशांत यावयास हवी.