डीएनएची संरचनारूपे

डीएनएच्या दोन साखळ्या एकमेकींभोवती ज्या निरनिराळ्या तऱ्हांनी वळतात, दुमडतात किंवा तीन-चार पदरी होतात, त्या सर्व रचना. पाठ्यपुस्तकात दिसणारे उजव्या वळणाचे द्विसर्पिल म्हणजे त्यांतले एक रूप, बी-डीएनए. पेशीतला बहुतेक डीएनए याच रूपात असतो. मात्र भोवतालचे पाणी, क्षार, बेसचा क्रम किंवा रेणूला पडलेला पीळ बदलला की रूप बदलते.

ए आणि बी : ही दोन रूपे वेगळी ओळखली ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी. डीएनएच्या धाग्याभोवतीची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास ठेवली तर ए रूप मिळे. ती ९० टक्क्यांच्या वर नेली की धागा पाणी शोषून लांब होई आणि बी रूप दिसे. त्याआधीची क्ष-किरण चित्रे धूसर येत, कारण त्यांत दोन्ही रूपांची सरमिसळ असे. मे १९५२ मध्ये घेतलेले प्रसिद्ध ‘छायाचित्र ५१’ बी रूपाचे आहे. ए रूपाची चित्रे अधिक तपशीलवार, म्हणून फ्रँकलिन यांनी कित्येक महिने त्यांवर घालवले. सर्पिलाची खूण मात्र साध्या दिसणाऱ्या बी चित्रातच ठळक होती. वॉटसन आणि क्रिक यांची १९५३ ची प्रतिकृती याच रूपाची.

बी रूपात द्विसर्पिलाचा व्यास सुमारे २ नॅनोमीटर, बेसच्या दोन लगतच्या जोड्यांतले अंतर ०.३४ नॅनोमीटर आणि एका वेढ्यात साधारण १०.५ जोड्या असतात. जोड्या अक्षाला जवळपास काटकोनात बसतात. बाहेरच्या बाजूने एक रुंद आणि एक अरुंद खाच जाते. जनुके चालू-बंद करणारी बरीच प्रथिने रुंद खाचेतून बेसचा क्रम ‘वाचतात’; दुपदर उलगडण्याची त्यांना गरज पडत नाही. ए रूप आखूड आणि जाड : वेढ्यात ११ जोड्या, त्याही तिरप्या कललेल्या. आरएनएच्या शर्करेवरचा जादा हायड्रॉक्सिल गट बी रूपात मावत नाही, त्यामुळे दुपदरी आरएनए आणि आरएनए-डीएनए संकर ए रूपाजवळ राहतात. ए-डीएनए ही निव्वळ प्रयोगशाळेतली गंमत मानली जाई. परंतु उकळत्या आम्लधर्मी झऱ्यांतील आर्किया जीवांना ग्रासणाऱ्या एका विषाणूच्या आवरणात संपूर्ण जनुकद्रव्य ए रूपात असल्याचे २०१५ मध्ये दिसले.

झेड : सर्वांत अनपेक्षित रूप. १९७२ मध्ये पोल आणि जोविन यांना असे आढळले, की ग्वानिन आणि सायटोसिन हे बेस आलटून-पालटून असलेल्या डीएनएच्या द्रावणात मीठ खूप वाढवले, की वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद उलटा होतो. स्पष्टीकरण १९७९ मध्ये मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अँड्र्यू वांग, अलेक्झांडर रिच आणि सहकाऱ्यांनी सहा जोड्यांच्या तुकड्याचा स्फटिक तपासला आणि त्यात डाव्या वळणाचे द्विसर्पिल निघाले. अणूंच्या पातळीपर्यंत उलगडलेला डीएनए द्विसर्पिलाचा हा पहिलाच स्फटिक, आणि तोच उलट्या वळणाचा. उजव्या वळणाच्या बी रूपाचा तसा स्फटिक रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने पुढल्याच वर्षी प्रसिद्ध केला. झेड रूपात ग्वानिन शर्करेभोवती पालथा पडतो, साखळीचा कणा नागमोडी जातो आणि वेढ्यात १२ जोड्या येतात.

त्याआधी १९७६ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शशिशेखरन यांनी आणि न्यूझीलंडमध्ये रॉडली यांच्या गटाने वेगळीच कल्पना मांडली होती : साखळ्या एकमेकींभोवती वेढे न घेता शेजारी-शेजारी असाव्यात आणि वळण थोडे उजवे, थोडे डावे असावे. वर्तुळाकार डीएनएच्या पिळाची मोजमापे या प्रतिकृतीच्या विरोधात गेली. तरीही डाव्या वळणाचा विचार त्यांनी गंभीरपणे केला, हे श्रेय त्यांना द्यायला हवे.

झेड रूप पेशीत टिकाऊ नसते. आरएनए बनवणारे विकर डीएनएवरून पुढे सरकते तेव्हा त्याच्या मागे द्विसर्पिल उलगडण्याच्या दिशेचा ताण साचतो. तेवढा पट्टा झेड रूपात वळला की ताण हलका होतो. एडीएआर-१ आणि झेडबीपी-१ ही प्रथिने झेड वळण नेमके ओळखतात. विषाणूंविरुद्धच्या प्रतिकारात दोघांचाही वाटा आहे.

दोनहून अधिक पदर : तीनपदरी न्यूक्लिइक आम्ल १९५७ पासून माहीत आहे. चार ग्वानिन चौकोनात बसून असे चौकोन एकावर एक रचले गेले आणि मध्ये पोटॅशियम आयन राहिला, की चौपदर तयार होतो. या चौकोनाचे वर्णन १९६२ मध्ये झाले. मानवी गुणसूत्रांच्या टोकांना टीटीएजीजीजी हा क्रम पुन्हा पुन्हा येतो, तो यासाठी सोयीचा. केंब्रिजमध्ये शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रतिपिंड वापरून मानवी पेशींत चौपदर दाखवले. सायटोसिनप्रचुर साखळीचा आय-मोटिफ आम्लधर्मी द्रावणात १९९३ मध्ये, तर मानवी पेशींत २०१८ मध्ये दिसला.

चित्रांत एक चूक सर्रास आढळते : पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, बोधचिन्हांत डीएनए डाव्या वळणाचा काढलेला असतो. आरशातल्या प्रतिमेसारखे ते चित्र झेड रूपाचेही नसते. पारखायचे असल्यास पाहावे : उभ्या चित्रात समोरच्या बाजूची साखळी खालच्या डाव्या कोपऱ्याकडून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे चढत असेल, तर वळण उजवे.